गाडी पुढचा टायर उजवीकडूनच का खातेय?

घाटमाथा · रविवार, रात्री १०:५२

मंडळी, गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की पहिल्या तीन प्रतिसादांत "ही घेतलीसच कशाला" सुरू होतं आणि टायर राहतो बाजूला. एवढंच सांगतो: एक सिलिंडर, पुढे ११०/७०-१७ टायर, साधे टेलिस्कोपिक शॉकप, पाईप ४१ मिमीचे, त्यांना कसलीही सेटिंग नाही. मागे मोनोशॉक, त्याला सात खाचांचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग). मीटरवर २६,४००. माझं वजन जॅकेट-हेल्मेटसकट ८८ किलो (बायको म्हणते ९२, पण तो वेगळा धागा आहे).

कंपनीकडून आलेला पुढचा टायर १९,००० किमी चालला, तक्रार नाही. दुसरा जेमतेम ७,४०० चाललाय. काल गाडी धुताना सहज हात फिरवला तर उजवी बाजू खडबडीत लागली. नक्षीची खोली मोजली: मधोमध २.९ मिमी, डावीकडे ३.४, उजवीकडे २.३. नवा होता तेव्हा सगळीकडे ४.५ होती, तेव्हाच लिहून ठेवलेली. शिवाय उजवीकडे ठरावीक अंतरावर खोलगट वाट्या पडल्यात, कुणी चमच्याने खरवडल्यासारख्या. उजव्या वळणात कललो की घूंऽऽ असा आवाज येतो. आणि साठच्या आसपास थ्रॉटल सोडून हात सैल केले की हँडल थरथरतं.

नोकरी पुण्यात, घर माणगावजवळ. महिन्यातून दोनदा ताम्हिणी उतरतो आणि ताम्हिणीच चढतो. पंक्चरवाला म्हणतो शॉकप वाकलेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं "सगळ्या गाड्यांना असंच होतं सर". दोघांपैकी कुणाचं ऐकू?

---

फुकटसल्ला · रविवार, रात्री ११:१०

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलून उभी असते, म्हणून सगळं तेल डाव्या शॉकपात उतरतं आणि उजवा कोरडा पडतो. उपाय सोपा आहे, एक स्टँड उजवीकडेही बसवा.

गंमत सोडा, टायर काढून रिमवर उलटा घालून बघा ना. उजवी बाजू डावीकडे जाईल, उरलेले सात हजार फुकटात.

---

शॉकपवाला · सोमवार, सकाळी ७:२५

उलटा घालू नका. टायरच्या बाजूवर बाण असतोय, तो काय शोभेला नसतोय. पुढच्या टायरवर ब्रेकचा जोर मागं ओढणारा, मागच्यावर इंजिनाचा जोर पुढं ढकलणारा. म्हणून पुष्कळ टायरांत पुढची आणि मागची नक्षी एकमेकांच्या उलटी दिसते. आतल्या थरांचा आणि रबराचा जोडसुद्धा त्या दिशेचा हिशेब धरून घातलेला असतोय. कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. उलटे घातलेले टायर बघितलेत, पावसात घसरून आलेली गिऱ्हाइकंही बघितलीत.

घाटमाथा भाऊ, शॉकप वाकलाय का ते पंक्चरवाल्याला बघून कळत नाय. पाईप काढून सपाट काचेवर लोळवायचा. वाकलेला असला तर उड्या मारत जातोय. त्याच्या आधी बाकीचं बघू. हवा किती असते ते सांगा. पंपावरच्या मीटरचं नको, स्वतःच्या मीटरचं सांगा.

---

व्हर्नियर · सोमवार, सकाळी ९:४०

घाटमाथा, तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार एकाच नावाखाली आलेत. ते आधी सोडवून घेऊ.

पहिला: उजवी बाजू डावीपेक्षा जास्त झिजणं. दुसरा: वाट्या पडणं. पहिला बऱ्याच अंशी आपल्या वाहतुकीचा गुण आहे. दुसरा गाडीचा रोग आहे.

आपण डावीकडून चालतो. उजवं वळण घेताना आपण वळणाच्या बाहेरच्या कडेला असतो, डावं घेताना आतल्या. लेनची रुंदी ३.५ मीटर धरा. घाटातलं पूर्ण उलटं फिरणारं वळण घ्या, ज्याला आपण यू म्हणतो. आतल्या लेनच्या मध्याची त्रिज्या १० मीटर असेल तर तुम्ही ३१ मीटर कललेले राहता. बाहेरच्या लेनची १३.५, म्हणजे ४२ मीटर. जाताना जे वळण डावं ते येताना उजवं, तेव्हा जाऊन-येऊन हिशेब केला तरी प्रत्येक यू-वळणात उजवी बाजू ११ मीटर जास्त घासली जाते. त्रिज्या कितीही घ्या, हा फरक ११ मीटरच येतो, फक्त मोठ्या वळणात तो प्रमाणाने नगण्य ठरतो. गोल चौकातही बेट आपल्या उजव्या हाताला असतं, म्हणजे तिथेही कल उजवीकडेच.

पुष्कळ जण म्हणतात की रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो म्हणून उजवी बाजू झिजते. दिशा बरोबर आहे, पण आकडा लहान आहे. डांबरी रस्त्याचा बाक दोन-अडीच टक्के, म्हणजे दीड अंशाच्याही आत. तुमच्या टायरच्या गोलाईवर त्याने रस्त्याशी टेकणारा बिंदू जेमतेम दीड मिलीमीटर उजवीकडे सरकतो. तेवढ्याने टायरचा खांदा, म्हणजे कडेचा भाग, झिजत नाही.

आता तुमचे आकडे. उजवीकडे झीज ४.५ वजा २.३ म्हणजे २.२ मिमी. डावीकडे १.१. बरोबर दुप्पट. वळणांचा हिशेब अगदी उदारपणे धरला तरी एक-तृतीयांश फरक समजू शकतो. दुपटीचा अर्थ लागत नाही. म्हणजे दुसऱ्या आजाराने पहिल्याला हात दिलाय.

---

कोकिळघड्याळ · सोमवार, दुपारी ३:१५

व्हर्नियरकाका, तुमच्या हिशेबाला इकडून पुरावा. मी जर्मनीत स्टुटगार्टला असतो, शनिवार-रविवारी श्वार्झवाल्ड या डोंगराळ जंगलातल्या बे-५०० रस्त्यावर पडीक. इथे वाहतूक उजवीकडून, आणि माझा पुढचा टायर दरवेळी डावीकडून आधी संपतो. ग्रुपातल्या सगळ्यांचाच. एकानेही आजवर त्यासाठी शॉकप खोललेला नाही.

पण वाट्या मात्र इथे कुणाच्या टायरवर दिसल्या तर लगेच "स्टिअरिंगची बेअरिंग बघ" म्हणतात. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी असते, त्यात तो माणूस पुढचं चाक अधांतरी करून हँडल फिरवून बघतोच. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की पास होत नाही.

---

शॉकपवाला · सोमवार, संध्याकाळी ८:०५

आपल्याकडे दुचाकीला ०.८ मिमीचा नियम आहे, पण ०.८ वर ताम्हिणीत जुलैमध्ये जाऊन दाखवा म्हणावं.

जर्मनीवाल्या भावानं बरोबर जागेवर बोट ठेवलंय. बॉल रेसर, म्हणजे तीच स्टिअरिंगची बेअरिंग, बघायचे. मेन स्टँड नसला तर इंजिनाखाली जॅक द्या, पुढचं चाक उचला. शॉकपचे पाय खालून दोन्ही हातांत धरा आणि पुढं-मागं ढकला. टक टक लागलं तर ढिला. मग हँडल एका बोटानं मधून हळूच डावीकडं-उजवीकडं न्या. अगदी सरळ जागेवर खोबणीत बसल्यासारखं अडकलं तर रेसरला खड्डे पडलेत, आवळून काय उपयोग नाय, सेट बदलायचा. थ्रॉटल सोडल्यावर साठ-पन्नासला थरथरतंय म्हटल्यावर माझा अर्धा निकाल इथंच लागलाय.

खांबाटकी घाटाची एक गंमत सांगतो. इतकी वर्षं आम्ही पुण्याहून येताना घाट चढत आलोय आणि पुण्याला जाताना बोगद्यातनं. म्हणजे त्या घाटातली वळणं कायम एकाच दिशेनं घेतली. काकांचा जाऊन-येऊन हिशेब तिथं चालायचा नाय.

---

व्हर्नियर · सोमवार, रात्री ९:३०

मान्य. खांबाटकी वगळून.

---

घाटमाथा · शनिवार, दुपारी १:२०

आठवडाभर गायब होतो, माफ करा. आज सकाळी तपासलं. लाज वाटते, पण लिहितो.

हवा: स्टिकरवर पुढे २९ पीएसआय लिहिलंय. मी पंपावर ३० सांगून भरतो आणि मग "खड्ड्यात मऊ लागते" म्हणून थोडी सोडतो. हा सल्ला मला एका राइडवर मिळाला होता आणि मी तो दीड वर्ष इमानेइतबारे पाळला. आज स्वतःचा मीटर विकत आणला. थंड टायरात निघाली २३. दोन पंपांवर त्याच मीटरने ताडून पाहिलं, एकाचं मशीन ३ जास्त दाखवतं.

बॉल रेसर: टक टक आहे. आणि हो, मधोमध खोबण आहे. बोटाने हलवलं तर हँडल सरळ जागी येऊन बसतं, अगदी रेडिओच्या जुन्या बटणासारखं. मला इतके दिवस वाटायचं की गाडी सरळ छान चालते!

आणखी एक. मागचा प्रीलोड सातव्या खाचेवर होता. गेल्या दिवाळीत बायको, दोन बॅगा आणि आईसाठी मिक्सर घेऊन गावी गेलो होतो, तेव्हा चढवलेला. उतरवायचा राहिला. म्हणजे आठ महिने मी गाडी मागून उचललेली, पुढून झुकलेली चालवतोय.

---

फुकटसल्ला · शनिवार, दुपारी १:४४

मिक्सर नीट चालतोय ना?

---

घाटमाथा · शनिवार, दुपारी १:५०

मिक्सर उत्तम.

---

अबोली_फोंडा · शनिवार, संध्याकाळी ६:३२

धागा सुरुवातीपासून वाचतेय. एक प्रश्न मला पडला तो विचारते. हवा कमी, रेसर ढिले, पुढे झुकलेली गाडी, हे सगळे दोष दोन्ही बाजूंना सारखेच आहेत ना? मग वाट्या फक्त उजवीकडे का?

मी ब्रेक कुठे मारते ते मध्यंतरी लक्ष देऊन पाहिलं होतं. चोर्ला घाटात डावं वळण आलं की पुढचं काहीच दिसत नाही, डोंगर नाहीतर झाडी आड येते. शिवाय डाव्या कडेला खडी साचलेली. म्हणून आधीच वेग उतरवते आणि ब्रेक सोडून वळते. उजवं वळण मात्र बाहेरून घेत असल्यामुळे लांबपर्यंत दिसतं. तिथे धीर येतो, उशिरा ब्रेक लागतो आणि कललेली असतानाही पुढचा ब्रेक थोडा धरलेला राहतो. दादा, तुमचंही तसंच होतंय का बघा. तसं असेल तर पुढच्या चाकावर ब्रेक आणि वळण दोन्हीचा भार एकत्र पडतो तो उजवीकडेच.

---

व्हर्नियर · शनिवार, संध्याकाळी ७:१५

ताई, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. मी हिशेब लांबीचा केला, जोराचा केलाच नाही.

घाटमाथा, आता शॉकपचं बसणं मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने तो किती दबतो ते, ज्याला सॅग म्हणतात. पाईपला केबल टाय बांधायचा किंवा टेपने मोजायचं. तीन मापं लागतात. चाक अधांतरी असताना सीलपासून वर पाईप किती उघडा दिसतो, ते पहिलं. मग नेहमीच्या कपड्यांत, जॅकेट-हेल्मेटसकट गाडीवर बसा, मागून कुणी तरी गाडी सरळ धरा. पुढून हँडल दाबून हळूच सोडा आणि जिथे थांबेल ते मोजा, हे दुसरं. मग हँडल वर उचलून हळूच खाली सोडा, ते तिसरं. दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी काढून पहिल्यातून वजा करा. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर म्हणजे शॉकप किती चिकटतोय त्याचं माप, त्याकडेही दुर्लक्ष करू नका. रस्त्यावरच्या गाडीला एकूण चालीच्या (शॉकप पूर्ण दबतो त्या अंतराच्या) पाव ते एक-तृतीयांश बसणं ठीक समजतात.

---

घाटमाथा · रविवार, सकाळी ११:०५

अबोलीताई, आज मुद्दाम लक्ष ठेवून मुळशीपर्यंत जाऊन आलो. तुम्ही मागच्या सीटवर बसून पाहिल्यासारखं लिहिलंय. उजव्या वळणात माझी दोन बोटं लिव्हरवरच असतात.

मापं (भाच्याने गाडी धरली, मोबदला दोन वडापाव): अधांतरी १३८ मिमी. दाबून सोडल्यावर ८४. उचलून सोडल्यावर ९२. सरासरी ८८, म्हणजे बसणं ५० मिमी. मॅन्युअलमध्ये चाल १३० लिहिलीय. सुमारे ३८ टक्के! आणि मुळशीहून परत आल्यावर केबल टाय तळापासून ६ मिमीवर होता.

---

शॉकपवाला · रविवार, रात्री ९:५०

मग झालं की. गाडी बसतानाच निम्म्याच्या जवळ गेलेली, ब्रेक मारला की तळाला. तळाला टेकलेला शॉकप म्हणजे सळई. पुढं खाच आली तर चाक वर जाणार कुठं? मग ते रस्त्यावर आपटत जातंय. एकदा नक्षीचा एक ठोकळा खाल्ला की पुढच्या फेरीला तिथंच आपटतंय. वाट्या अशा पडतात.

तेल कधी बदललंय? नसंल बदललं. कुणी बदलत नाय. इंजिनाचं बदलतात, शॉकपचं पाईप गळायला लागल्याशिवाय आठवत नाय. पंचवीस हजार झाले म्हणजे आत काळं पाणी असणार. मेस्त्रीला सांगा: तेल शॉकपचंच पाहिजे, इंजिनाचं उरलेलं ओतायचं नाय. कोणतं ते मॅन्युअलमध्ये बघून, आणि दोन्ही पायांत एकाच डब्यातलं. डब्यावरच्या १०डब्ल्यू-१५डब्ल्यू या दाटपणाच्या आकड्यांवर फार जाऊ नका, एका कंपनीचं १० दुसऱ्याच्या १० सारखं नसतंय.

माप मिलीत घेऊन भागत नाय, कारण जुनं थोडं आत राहतंच. स्प्रिंग बाहेर काढायची, पाय पूर्ण आत दाबायचा, आणि वरच्या तोंडापासून तेलापर्यंत किती खाली ते मोजायचं. दोन्हीकडं सारखं. वरची हवा शेवटी शेवटी स्प्रिंगचं काम करती. तेल जास्त झालं तर शॉकप दगड होतोय आणि सीलं उडतात.

आणि स्प्रिंगच्या डोक्यावर पंधरा मिमीची बुश, म्हणजे नळीचा तुकडा, टाकून घ्या. वॉशर दोन्हीकडं.

---

कोकिळघड्याळ · सोमवार, दुपारी २:४०

बुश टाकली की स्प्रिंग कडक होते, मग खड्ड्यात हात दुखणार नाहीत का?

---

व्हर्नियर · सोमवार, दुपारी ४:२०

स्प्रिंग कडक होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की गाड्या विकणारेही तसंच सांगतात. एक सेंटिमीटर दाबायला जेवढा जोर आधी लागायचा तेवढाच नंतरही लागतो. प्रीलोडने फक्त गाडी आधी किती बसते ते बदलतं. १५ मिमीची बुश टाकली की ५० चं साधारण ३५ होईल. म्हणजे खड्ड्यासाठी खाली चाल जास्त उरते, आणि बहुतेक वेळा ती आधीपेक्षा मऊच वाटते, कारण तळाला टेकणं थांबतं.

पण हावरटपणा नको. तीस मिमी टाकली तर चाकाला खाली यायला जागा उरणार नाही आणि खड्ड्यावरून जाताना चाक अधांतरी राहील.

---

अबोली_फोंडा · सोमवार, रात्री ८:१०

याला माझी साक्ष. माझं वजन ५४. माझी गाडी पुढे जेमतेम १८ मिमी बसायची, चाल १४०. खाचखळग्यांत हँडल हातातून निसटतंय असं व्हायचं आणि सगळे म्हणायचे "तुला जड गाडी झेपत नाही". माझ्या शॉकपला वरून फिरवायचा प्रीलोड आहे, तो पूर्ण आवळलेला निघाला. मोकळा केला, ३५ वर आणला, आता झेपते. शोरूममधून गाडी निघते ती कुणा एका मधल्या वजनाच्या माणसासाठी. तो माणूस मी नाही आणि घाटमाथादादाही नाहीत.

---

घाटमाथा · रविवार, संध्याकाळी ५:३५

काम झालं. आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींकडे दिवसभर स्टुलावर बसून करून घेतलं. त्यांना सुरुवातीला माझा राग आला, मग मोजपट्टीत रस वाटायला लागला.

पाईप काचेवर लोळवले: सरळ. पंक्चरवाल्याचं निदान बाद. डाव्या पायातून तेल ३७० मिली निघालं, उजव्यातून ३०५. उजवं सील आतल्या आत पाझरत होतं, डस्ट कव्हरखाली सगळा चिकटा. रंग म्हणाल तर उसाच्या काकवीसारखा, वास मात्र विचारू नका. दोन्ही सीलं, तेल, बॉल रेसर सेट, १५ मिमीची बुश आणि नवा टायर, एवढं सगळं बदललं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचून घेतला: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानदार आधी तीन वर्षांपूर्वीचा देत होता.

मेस्त्री म्हणाले, "सापडला चोर. उजव्यात तेल कमी, म्हणून चाक उजवीकडं कलत होतं, म्हणून उजवा टायर."

---

व्हर्नियर · रविवार, रात्री ८:००

मेस्त्रींचा मान राखून: नाही. दोन्ही पाय खाली आसाने आणि वर टीने (दोन्ही पाईप पकडणाऱ्या जोडपट्टीने) एकमेकांना जखडलेले आहेत. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दबूच शकत नाही. तेल कमी होतं म्हणजे दोन्ही पायांचं मिळून उसळी आवरण्याचं बळ घटलं, बाजू त्यात नाही. बाजू आली ती अबोलीताईंनी सांगितलेल्या ब्रेकमधून.

---

शॉकपवाला · रविवार, रात्री ८:४५

काका बरोबर हायत, मेस्त्री पण अर्धे बरोबर. पातळ आसाच्या जुन्या गाड्यांत थोडा पीळ येतोय, मी बघितलाय. ४१ च्या पाईपाला नाय येत.

बरं, आस आवळताना क्रम पाळला का? पायाच्या तळाचा, आसाला चिमटून धरणारा पिंच बोल्ट ढिला ठेवायचा. आधी आसाचा नट आवळायचा. मग गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दणादण दाबायची. पाय आपापल्या जागी बसतात. त्याच्यानंतर पिंच बोल्ट. हा क्रम चुकला की दोन्ही पाय एकमेकांना चिमटा काढत वर-खाली होतात. तुमच्या ८४ आणि ९२ मधल्या आठ मिमीत तो चिमटा होता असा माझा संशय आहे.

---

घाटमाथा · रविवार, रात्री ९:२०

मेस्त्रींनी सगळं एकदम आवळलं होतं. आत्ता खाली जाऊन, ढिलं करून, दाबून, टॉर्क रेंचने परत आवळून आलो. वॉचमनने विचारलं, साहेब गाडीला मालिश करताय का. मोजमाप: १००, १०५. बसणं ३५.५. चिकटणं ८ वरून ५.

---

कोकिळघड्याळ · सोमवार, दुपारी १२:३०

चाकाचं बॅलन्सिंग राहिलं.

---

घाटमाथा · सोमवार, दुपारी १:०५

दुकानदार म्हणाला बाईकला लागत नाही.

---

व्हर्नियर · सोमवार, दुपारी १:४०

तुमच्या चाकाच्या रिमवर २० ग्रॅम जास्त असले तर शंभरच्या वेगाने ते सुमारे चार किलोच्या जोराने बाहेर ओढतात, सेकंदाला पंधरा वेळा. लागतं की नाही ते तुम्ही ठरवा. चाक काढून आस दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवा आणि चाक हलकं फिरवा. जड जागा खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर चिकटवायचं वजन लावत जा, चाक कुठेही थांबेपर्यंत.

---

घाटमाथा · पाच महिन्यांनंतर · शनिवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतोय. नव्या टायरवर ६,००० किमी झाले, त्यात अख्खा पावसाळा आणि ताम्हिणीच्या अकरा फेऱ्या. बॅलन्सिंगला २५ ग्रॅम लागले होते, डायनिंगच्या खुर्च्यांवर केलं, घरात त्याचे पडसाद उमटले. हवा दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, २९. मागचा प्रीलोड एकटा असताना तिसऱ्या खाचेवर, दोघं असताना सहाव्या.

नक्षी: मधोमध ३.४, डावीकडे ३.९, उजवीकडे ३.७.

वाट्या नाहीत. ठोकळ्यांवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं बारीक लागतं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं आहे. थ्रॉटल सोडल्यावर हँडल शांत. घूं गेला. उजव्या वळणात बोटं अजून लिव्हरवर जातात, पण आता वळायच्या आधी सोडतो. दहातून सात वेळा.

---

व्हर्नियर · शनिवार, संध्याकाळी ५:०२

डावीकडे ०.६, उजवीकडे ०.८. एक-तृतीयांश जास्त. मी जून महिन्यात काय लिहिलं होतं?

---

फुकटसल्ला · शनिवार, संध्याकाळी ५:२०

काका आता महिनाभर जमिनीवर येत नाहीत.

---

शॉकपवाला · शनिवार, रात्री ९:४०

करवतीसारखं लागतंय ते ब्रेकचं, पुढच्या टायरला थोडं येतंच. वाढलं तर हवा परत बघा. जुना टायर फेकला का ठेवलाय? ठेवला असंल तर वाट्यांचा जवळून फोटो टाका इथं. आमच्या पोरांना दाखवायला पाहिजे, त्यांना अजून नुसतं सांगून कळत नाय.

---

घाटमाथा · शनिवार, रात्री १०:१५

गावी आहे. पुतण्याने आंब्याला झोपाळा बांधलाय त्याचा. पुढच्या फेरीला फोटो काढून आणतो, पण वाट्यांची बाजू खाली आहे, त्याला आधी उतरवावं लागेल.